म्हैसूरचा एक दिवस: राजवाडा, बाग आणि पिशव्या. तुमच्या घरच्यांचं कसं झालं?

धागाकर्ती (बंगळूर)
दिवाळीच्या सुट्टीत सासू-सासरे, नणंद, दोन मुलं आणि आम्ही दोघं अशी सात जणं म्हैसूरला जाऊन आलो. परतीच्या गाडीत प्रत्येकाचा वेगळा रुसवा. सासऱ्यांना राजवाडा पुरला नाही, नणंदेला बाजार, आणि मुलांना नाचणारं कारंजं दिसलंच नाही. एका दिवसात हे सगळं बसवलंय का कुणी? तिकिटांचे दर नकोत, घरातले अनुभव लिहा.

आमचा सुरुवातीचाच. चपला स्टँडवर दिल्या, टोकन सासूबाईंनी "माझ्याकडेच राहू दे" म्हणून ठेवून घेतलं. आत कल्याण मंडपात सगळ्यांच्या माना वर: रंगीत काचांचं छत, त्यात मोर, आणि खाली निळसर हिरवे लोखंडी खांब. हे ओतीव काम ग्लासगोचं. जुना लाकडी वाडा 1897 मध्ये राजकन्येच्या लग्नाच्या वेळीच जळाला आणि हा 1912 मध्ये पूर्ण झाला, असं सासरे सांगत होते. सासूबाई खांबाकडे बघून म्हणाल्या, "मग लोखंडाचा केला तो बरा केला. लग्नघरात आग लागायला एक आचारी पुरतो."
बाहेर आल्यावर टोकन गायब. सात जणं अनवाणी, फरशी तापलेली. शेवटी ते त्यांच्या चष्म्याच्या घरात सापडलं.

दोन लेकींची आई
टोकनावरून आठवलं, माझ्या धाकटीने राजवाड्यातल्या सोन्याच्या अंबारीपुढे "दसऱ्याला यात देवी बसते तर हत्तीला जड नाही होत?" असं विचारून रांग अडवली होती. अंबारी साडेसातशे किलोची आहे म्हणतात. तिचा प्रश्न रास्तच होता.
पण मला लिहायचंय ते देवराज मार्केटबद्दल. तिथे गजरा हातावर मोजतात, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक 'मोळ'. फुलवाली लहानखुरी. आमच्या आईने तिचा हात पाहिला, आपला पुढे केला आणि चक्क मराठीत म्हणाली, "माझ्या हाताने मोज." बाई हसली, आईच्या हातावर मोजलं आणि वर चार मोगऱ्याची फुलं घातली. भाषेवाचून काही अडलं नाही. कुंकवाचे रंगीत शंकू मात्र फक्त बघावेत. आमच्या पिशवीत एक पुडी फुटली आणि नवऱ्याचे दोन पांढरे शर्ट कायमचे गुलाबी झाले.

निवृत्त पाटबंधारेवाला
बाग बघायला माणसं कारंज्यासाठी जातात. मी धरणासाठी गेलो. वृंदावन बाग कृष्णराजसागराच्या पायथ्याशी, शहरापासून वीसेक किलोमीटर. धरण विश्वेश्वरय्यांचं. हा माणूस शिकला पुण्याच्या सायन्स कॉलेजात आणि नोकरीची सुरुवात केली ती मुंबई इलाख्यातच. त्यांनी आखलेले आपोआप उघडणारे दरवाजे 1903 मध्ये आधी आपल्या खडकवासल्याला बसले. कृष्णराजसागर बांधलं सिमेंटऐवजी सुर्खीच्या, म्हणजे विटांची पूड घातलेल्या चुन्यात. हे मी धरणाकडे बोट करून नातवाला सांगत होतो. तो म्हणाला, "आजोबा, आइस्क्रीम."
सूचना एकच: कारंजं बागेच्या पार पलीकडच्या टोकाला आहे. आमच्या हिला गुडघ्यांमुळे अर्ध्यातच बाकावर बसावं लागलं, आणि मी तिच्याशेजारी बसून लांबून येणारी गाणी ऐकली. वाईट नव्हतं ते.

सावंतवाडीकर
राजवाड्यावरून सगळे थेट बाजारात पळतात आणि जगन्मोहन पॅलेस चुकवतात. 1897 च्या आगीनंतर राजघराणं राहिलं ते तिथेच. आता तिथे चित्रं आहेत. हातात दिवा घेतलेली, बोटांतून उजेड झिरपणारी बाई तुम्ही कॅलेंडरवर शंभरदा पाहिली असेल. "रविवर्म्याचं ना?" असं शेजारचे एक गृहस्थ बायकोला सांगत होते. मला राहवलं नाही. म्हटलं, काका, हे आमच्या सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं, जलरंगातलं, आणि दिवा धरणारी त्यांची स्वतःची मुलगी आहे. काका म्हणाले, "जलरंग? शक्यच नाही." मग आम्ही दोघंही चष्मे काढून काचेला नाक लावून उभे. बायको म्हणाली, चला, तो पहारेकरी बघतोय.

साडी घेऊन फसलेली
मी लिहू की नको असं चाललं होतं. रिक्षावाला गोड बोलून "सरकारी दुकानात" घेऊन गेला. पाटीवर सिल्क, सरकार, म्हैसूर हे तिन्ही शब्द होते. घरी आल्यावर काकूने पदर उलटा करून पाहिला आणि एवढंच म्हणाली, "रंग छान आहे." पुढच्या वेळी कर्नाटक सरकारच्या रेशीम महामंडळाच्या विणकामाच्या कारखान्यातच गेले, 1912 पासूनचा आहे. मागाचा खडखडाट एवढा की भाव ऐकू येत नाही, आणि तेच बरं. तिथल्या साडीवर तिचा स्वतःचा क्रमांक असतो, तो बघून घ्या.

चहाबाज
सयाजीराव रोडवर उभं राहून बडोद्याच्या गायकवाडांचं नाव इथे कसं, यावर आमच्या दोन मेव्हण्यांचं भांडण झालं, तोवर मी म्हैसूरपाक संपवला. माझा अनुभव एवढाच.

धागाकर्ती (बंगळूर)
@चहाबाज, अर्धा किलो की पाव?
@निवृत्त पाटबंधारेवाला, आमचा घोळ इथेच झाला. रविवार होता. रविवारी आणि सरकारी सुट्टीला राजवाड्यावर संध्याकाळी सातच्या सुमाराला दिवे लागतात, आणि कारंजंही संध्याकाळचंच. दोन्ही होत नाही. आम्ही बागेकडे निघालो आणि रिंगरोडवर अडकलो.

नागपूरची सून
ताई, रविवारी बाग सोडूनच द्या. आम्ही सहालाच पटांगणात चटई टाकली. पोरं कंटाळून भुईमुगाच्या शेंगांची टरफलं एकमेकांच्या केसांत खोवत होती, सासरे मोबाईलवर भाव बघत होते. आणि एकदम, काही न सांगता, कमानी, घुमट, कडा, सगळं पिवळं पेटलं. लाखाच्या घरात दिवे आहेत म्हणे. पटांगणभर एकच "आऽऽ" उठला. सासरे एरवी आमच्याशी दोन वाक्यं बोलत नाहीत. ते मोबाईल खिशात घालून म्हणाले, "याचं बिल कोण भरतं?"