मदत हवी आहे: घरी हिच बसवताना एक बोल्ट आत जात नाहीये

नमस्कार मंडळी,

मी डेट्रॉइटजवळ राहतो. गाडी २०१४ ची होंडा सीआर-व्ही. मागे सायकलींचा रॅक लावायचा आहे, म्हणून दोन इंची रिसीव्हरचा (रॅकचा दांडा ज्यात बसतो ते चौकोनी तोंड) हिच, म्हणजे गाडीच्या मागे खालून बसवायचा लोखंडी जोड, आणला आणि शनिवारी सकाळी गॅरेजमध्ये काम काढलं. पुढच्या चाकांना अडण लावली, मागची बाजू उचलून जॅक स्टँडवर टेकवली. सायलेन्सरचा रबरी हँगर साबणाचं पाणी मारल्यावर निघाला. हिच जड आहे, त्यामुळे एक बाजू बायकोने धरली.

डाव्या बाजूचे बोल्ट हाताने आत गेले, ते मी पूर्ण आवळून टाकले. उजवीकडचा पुढचा बोल्ट मात्र दोन-तीन आटे जाऊन अडकला. पाना लावल्यावर तो तिरका जातोय असं वाटलं, म्हणून लगेच थांबलो. बाहेर काढला तर टोकाचे आटे चेपलेले आणि त्यांत तांबडा गंज. इथे हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात, त्याचाच हा प्रताप असावा.

हा नट गाडीच्या चौकटीच्या आत वेल्ड केलेला आहे, बाहेरून पाना पोचत नाही. टॅप (आटे कापायचं हत्यार) फिरवू का? की तो एक बोल्ट सोडून दिला तरी चालेल? रॅकवर माझ्या मुलाची सायकल असणार आहे, मागच्या गाडीसमोर काही सुटून पडलं तर काय, या विचाराने झोप लागत नाहीये.

आणखी एक. रॅक ५० पौंडांचा आहे आणि दोन ई-बाइक प्रत्येकी ६० पौंडांच्या. चालेल ना?

प्रतिसाद

बोल्ट सोडून देऊ नका, आणि जोर तर अजिबात लावू नका. आतला वेल्ड तुटला की नट नुसताच गोल फिरत राहतो, मग चौकट कापावी लागते.

मला वाटतं गंज अर्धंच कारण आहे. तुम्ही डावी बाजू आधी आवळलीत, त्यामुळे हिच किंचित सरकला आणि उजवीकडचं भोक नटासमोर राहिलं नाही. डावीकडचे सगळे बोल्ट ढिले करा. उजव्या नटात गोल तारेचा ब्रश फिरवा, गंज सोडवणारं तेल मारा आणि रात्रभर राहू द्या. कापणारा टॅप नको. आटे साफ करणारा थ्रेड चेझर मिळतो, तो घ्या. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, अधूनमधून तेल. चेपलेला बोल्ट परत वापरू नका. डोक्यावर जो ग्रेड कोरलाय त्याच ग्रेडचा, त्याच मापाचा नवा आणा. सगळे बोल्ट हाताने चार-पाच आटे आत गेल्यावरच आवळायला घ्या, आणि शेवटी हिचच्या कागदावर दिलेल्या आकड्यापर्यंत टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना).

दुसरा प्रतिसाद

वजनाचं बोलतो. तुमच्या गाडीची ओढायची मर्यादा १५०० पौंड आहे आणि हिचवर सरळ खाली येणारा भार तिच्या दहा टक्के धरला तर १५० पौंड. तुमची बेरीज १७०. रिसीव्हर दोन इंची असला म्हणून गाडीची ताकद वाढत नाही. बॅटऱ्या काढून गाडीत ठेवा आणि मग पुन्हा तोलून बघा. शिवाय रॅक बंपरच्या बराच मागे येतो, खड्ड्यात तेच वजन जास्त ताण देतं. रॅकच्या कागदावर प्रत्येक सायकलीची मर्यादा वेगळी दिलेली असते, तीही वाचा. रॅकने मागचे दिवे किंवा नंबर प्लेट झाकली जात नाही ना, तेवढं पाहा. वायरिंगची भानगड ट्रेलर ओढायचा असेल तरच.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. डावीकडचे बोल्ट ढिले केल्याबरोबर हिच बोटभर हलला, आणि भोक नटासमोर आलं! चेझर फिरवताना गंजाचा चुरा पडला. नवा बोल्ट हाताने शेवटपर्यंत गेला. काल सगळे टॉर्कवर आवळले. ई-बाइक एकच नेतोय, दुसरीकडे मुलाची साधी सायकल. पन्नासेक मैल फिरून आल्यावर बोल्ट पुन्हा तपासतो आणि इथे लिहितो.