हायलँड्सचा वारा, डोंगर आणि तुमचं कुत्रं: किस्से लिहा

ढगातली

शनिवारी इथे स्कॉटलंडमध्ये बेन वायविसवरून अर्ध्यातून परत आले. इन्व्हरनेसहून गाडीने पाऊण तासावरचा डोंगर, उंची १०४६ मीटर, वर लांबलचक मोकळा माथा. ओढ्याकाठच्या झाडीतून चालताना वाऱ्याचा मागमूसही नव्हता. झाडी संपली, अ‍ॅन काबरचा उभा चढ लागला. वर डोकं काढलं मात्र, कुणीतरी छातीवर हात ठेवून मागे ढकलावं तसं झालं. आमचा मोत्या एका दगडाच्या आडोशाला पोट टेकून बसला. ओढलं, खाऊ दाखवला, "चल की रे बाळा" करून झालं. ढिम्म. मी चांगली पाच मिनिटं त्याच्यावर चिडले, आणि मग माझीच टोपी उडाली. कुठे गेली ते बघायला मानही वळवता येईना. उतरलो.

लाजेची गोष्ट म्हणजे वारा अंदाजात होता. माथ्यावर चालणं कष्टाचं होईल, असं मी सकाळी चहा पिता पिता वाचलं होतं. वाचलं आणि निघाले.

हिवाळ्यात कुत्र्याला घेऊन डोंगर केलेल्यांनी लिहा. शिखर गाठल्याचे किस्से नकोत, ते ढीगभर आहेत.

म्हातारीच्या_पायथ्याशी

ताई, आमचा नंबर लावा. मी स्काय बेटावर राहतो. ब्रॉडफर्ड गावाच्या डोक्यावर बेन ना कैलिख आहे, म्हणजे म्हातारीचा डोंगर. ७३२ मीटर. कळसूबाईच्या निम्माही नाही, असं मनात म्हणत गेलो. कळसूबाईला बारी गावातच बरीच उंची आयती मिळालेली असते, इथे जवळजवळ समुद्राकाठूनच पाय उचलायचा, हे काही डोक्यात आलं नाही. वाट अशी नाहीच. ग्रॅनाइटचे घसरडे दगड, पाऊल टाकलं की अर्धं मागे. माथ्यावर दगडांची भलीमोठी रास आहे. तिच्याखाली नॉर्वेची एक राजकन्या पुरलीय, म्हणे. मायदेशाचा वारा अंगावरून जावा अशी तिची इच्छा होती. त्या दिवशी तिची इच्छा जरा जास्तच पूर्ण होत होती.

आमची चिंगी (लॅब्रॅडोर, वय ८) मराठीवर वाढलेली. ती माझ्यापुढे दहा फुटांवर, सुटी. एक मोठा दगड हललेला दिसला म्हणून ओरडलो, "चिंगे, थांब!" माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. ती चढतच राहिली. दगड तिच्या शेजारून गेला. माझे पाय नंतर कितीतरी वेळ लटपटत होते. तिला पत्ताच नाही, शेपूट हलवत उभी.

शेजारचे आजोबा मेंढ्या पाळतात, त्यांच्याशी गेलिक या इथल्या जुन्या भाषेतच बोलतात आणि कोलीशीही, म्हणजे मेंढ्या राखणाऱ्या कुत्रीशी. "फुरिख" (थांब) म्हटलं की त्यांची कोली जागच्या जागी थिजते. त्यांना हे सांगितलं तर हसले आणि म्हणाले, वाऱ्यात शब्द कशाला वापरतोस? शब्द उडतो, शिट्टी जाते. आता चिंगीला शिट्टीवर थांबायला शिकवतोय. आठव्या वर्षी शिकतेय बिचारी. वर गेलो की दोरी मात्र बांधलेलीच असते. मेंढ्यांमुळेही बांधावी लागते म्हणा. कुत्रं मेंढ्यांच्या मागे लागलं तर २०२१ च्या कायद्याने ४०,००० पौंडांपर्यंत दंड किंवा तुरुंगही होऊ शकतो.

अर्धीवाट

"थांब" म्हटल्यावर आमच्याकडे बिनवाऱ्याचंही कुणी थांबत नाही. शिट्टीचा उपाय नवऱ्यावर करून बघते.

नकाशेवाला

माझा किस्सा लहान आहे. टॉरिडनमध्ये एका खिंडीत मी आणि आमचं टेरियर अक्षरशः रांगत मागे आलो. नकाशावर "बेलख" लिहिलेलं होतं. बेलख म्हणजे खिंड. पावसाळ्यात नाणेघाटात उभा राहिलेला माणूस मी, खिंडीत वारा कसा घुसतो हे मला कुणी सांगायला हवं होतं का? पण अक्षरं परकी होती, म्हणून अर्थ शिरला नाही. त्या दिवसापासून नावांचे अर्थ लावून घेतो. "आल्ट" ओढा, "डू" काळा, "मोर" थोरला. ग्लेन कोला जाताना दिसतो तो बुआखैल एटिव्ह मोर म्हणजे एटिव्हचा थोरला गुराखी. हे कळल्यावर तो डोंगर मला घरचाच वाटायला लागला.

खोबरेलवाली

कुत्रं बसलं तर ते ऐकाच. मी अ‍ॅव्हिमोरजवळ असते. समोरच्या केर्न गॉर्मच्या माथ्यावर २० मार्च १९८६ ला ताशी १७३ मैलांचा झोत नोंदला गेलाय. आपल्याला त्याच्या चौथाईतच तोल सावरत चालावं लागतं.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. वाऱ्यात बर्फाचा कोरडा भुगा जमिनीलगत उडतो. मला तो गुडघ्याखाली लागतो, पँटवर टकटक वाजतो, मजा वाटते. आमच्या सोनीच्या तो थेट डोळ्यांच्या रेषेत. ती सारखी तोंड फिरवून माझ्या पायांमागे येत होती आणि मी म्हणत होते, काय हे लाड! एकदा ओणवी होऊन तिच्या उंचीवर तोंड नेलं. दोन सेकंदांत डोळे मिटले.

शिवाय बोटांमधल्या केसांत बर्फाचे मोतीचुराएवढे लाडू होतात आणि ती लंगडते. निघण्याआधी पंजांना खोबरेल चोळते. डबीत थिजलेलंच असतं, त्यामुळे बसतं छान. फक्त ती ते चाटते.

इंद्रवज्र

कुत्र्यासह डोंगर चढणाऱ्यांचे आद्य पुरुष आमच्या फोर्ट विल्यमचे. १८८१ च्या उन्हाळ्यात क्लेमेंट रॅग हा हवामानवाला रोज बेन नेव्हिस चढून नोंदी घ्यायचा, सोबत त्याचा न्यूफाउंडलंड कुत्रा. पुढे १८८३ मध्ये माथ्यावर वेधशाळा झाली, ती १९०४ पर्यंत चालली. तिथेच १८९४ मध्ये सी. टी. आर. विल्सन या शास्त्रज्ञाला ढगावर आपल्या सावलीभोवती रंगीत कडी दिसली, आणि त्या नादातून त्याचं मेघकोष्ठ (अदृश्य कणांच्या वाटा दाखवणारं उपकरण) जन्मलं. १९२७ चं नोबेल.

मला ती कडी जानेवारीत मामोर्स डोंगररांगेच्या एका सोंडेवर दिसली. सूर्य इथे हिवाळ्यात दिवसभर खालीच असतो, वारा दरीतला ढग वर फेकत होता. कर्नल साइक्सने हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पाहिलं तेच हे इंद्रवज्र. दोन सावल्या: माझी आणि पिंट्याची. प्रभावळ फक्त माझ्या डोक्याला. आधी बरं वाटलं, मग लक्षात आलं की ज्याची त्याला दिसते. पिंट्याने बघितलं असतं तर त्याच्या लेखी मीच बिनप्रभावळीचा. पण तो माझ्या खिशातल्या बिस्किटाकडे बघत होता. तेवढ्यात झोत आला, ढग फाटला. लवकर अंधारतं, म्हणून निघालो.

ढगातली

सगळ्यांचं वाचतेय. आज मोत्याला घेऊन परत वायविसला गेले होते, फक्त झाडीपर्यंत. गाडी लावतो तिथल्या कुंपणाच्या खांबावर माझी टोपी अडकवलेली, ओली, कडक झालेली. कुणीतरी वरून आणली असणार. मोत्याने हुंगली आणि तोंडात धरून गाडीकडेच निघाला.