गच्चीवर भाजीपाला: पाडव्याच्या आत लावायचा आहे, बजेट अडीच हजार

फुलेवाडी_नाका
कोल्हापुरात घर, तळमजला अधिक एक. गच्ची 20 बाय 15 फूट, कोबा केलेला, ऊन सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत. दहा कुंड्या करायच्या आहेत. सगळा खर्च मिळून 2500 रुपये, त्याच्यावर एक रुपया नाही.
ग्रो बॅग (झाडं लावायच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या) घेऊ की रंगाच्या बादल्या? माती कुठली भरू? आत्ता लावलं तर काय येतं? टोमॅटो लावायचेच आहेत, ते धरून सांगा.

वेल्डिंगवाला_उद्यमनगर
पहिलं स्टँड करून घ्या. एक इंची चौकोनी पाईप, तीन पायऱ्या, रेड ऑक्साईडचे दोन हात. सहा-सात हजारांत बसेल. कुंडी थेट कोब्यावर ठेवली की खाली ओल राहते आणि शेवाळ धरतं.

फुलेवाडी_नाका
दादा, 2500.

वेल्डिंगवाला_उद्यमनगर
एकदाच करायचं तर धड करावं माणसानं.

स्लॅब_बघून_घ्या
स्टँडच्या आधी वजन बघा. माणसं वावरतात अशा सपाट गच्चीसाठी आयएस 875 या बांधकामाच्या भारतीय मानकाच्या भाग 2 मध्ये चौरस मीटरला 1.5 किलोन्यूटन, म्हणजे ढोबळ 150 किलो भार धरलेला असतो. 20 लिटरच्या बादलीत नुसती माती भरून पाणी घातलं तर तीस किलोच्या वर जाते. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, मिसळलं तर 20-22 किलो. एका चौरस मीटरात अशा दहा चिकटून मांडल्या की हिशोब तिथंच संपला, आणि तीन पायऱ्यांचं स्टँड नेमकं तेच करतं.
त्यामुळं खालच्या भिंतीच्या किंवा बीमच्या रेषेवर, कठड्याकडेनं एकच ओळ लावा. मधला स्लॅब मोकळा सोडा. प्रत्येक बादलीखाली फरशीचे तीन तुकडे ठेवायचे, इंचभर फट राहते, हवा खेळते, कोबा वाळतो. स्टँडचं काम तेवढ्यात भागतं. पावसाळी पाईपच्या तोंडाला जाळी बसवा, नाहीतर वाहून आलेली माती तिथंच बसते आणि वळवाच्या पहिल्या सरीला गच्चीचा रंकाळा तलाव होतो.

हिरवा_मिरचीवाला
बॅगच घ्या. 12 बाय 12 इंचाची बॅग 20-22 लिटरची असते, एचडीपीई या जाड प्लॅस्टिकची, 220 जीएसएम (चौरस मीटरला 220 ग्रॅम). पातळ प्लॅस्टिकची घेऊ नका, एका उन्हाळ्यात शिवणीत फाटते आणि भरलेली हलवता येत नाही.

नंदिनी_राजारामपुरी
बादली बरी. कडी असते, उचलून फिरवता येते. डिस्टेंपरची किंवा पाण्यातल्या रंगाची घ्या, ऑईलपेंटची आणि केमिकलची नको. भोकं तळाला पाडायची नाहीत, बाजूला तळापासून दोन सेंटिमीटर वर 10 मिमीची सहा. तळातली भोकं कोब्याला चिकटून बुजतात. बाहेरून चुन्याचा हात द्या किंवा गोणपाट गुंडाळा. एप्रिलच्या उन्हात गडद बादलीची भिंत तापते आणि कडेची पांढरी मुळं भाजतात. झाड दुपारी माना टाकतं, माणूस पाणी ओततो, आणि मग ते खरंच कुजतं.

हिरवा_मिरचीवाला
तळाला दोन इंच खडी घालायला विसरू नका.

नंदिनी_राजारामपुरी
खडी नको. बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड खडीत सहजासहजी उतरत नाही, वरच्या थरातच अडकून बसतं. मुळांची जागा दोन इंचानं कमी होते ती वेगळीच, आणि वर वजन. नारळाच्या शेंडीचा एक चोळा भोकांवर ठेवला की पुरे.

हिरवा_मिरचीवाला
सगळे नर्सरीवाले घालतात. ते काय येडे आहेत?

तांबडा_की_पांढरा
माती तांबडीच. पन्हाळा-जोतिबाकडची. काळी कुंडीत नको. वाळली की आक्रसते, कडेनं फट पडते, मग घातलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली जातं आणि गड्डा कोरडाच राहतो. भिजली की चिखल, मुळाला हवा नाही.
दहा बादल्यांचा हिशोब: सिमेंटचं पोतं साधारण 35 लिटरचं, तशी दोन पोती माती. 5 किलोची कोकोपीटची एक वीट, भिजून 60-70 लिटर होते. ती दोनदा साध्या पाण्यानं धुऊन पिळून घ्या, खार असतो. गांडूळखत 30 किलो, दीड पोतं होतं. निंबोळी पेंड बादलीला दोन मुठी. भरताना काठापासून दीड इंच रिकामं ठेवा, पाणी घालायला जागा लागते.

कारखाना_रोड
कोकोपीटवर पैसे कशाला? गुऱ्हाळावर चिपाड फुकट मिळतं.

तांबडा_की_पांढरा
ताजं चिपाड मातीत मिसळू नका. त्यात कार्बन भरपूर, नत्र नावाला. ते कुजवणारे जिवाणू मातीतलंच नत्र ओढतात आणि रोप महिनाभर पिवळं उभं राहतं. सहा महिने शेणकाल्यात कुजवलेलं असेल तर चालेल. उसाचं पाचट मात्र आणा. बोटभर लांब तोडून वर दोन इंच आच्छादन घाला, पाणी बरंच कमी लागतं. ही गोष्ट आपल्या भागात फुकट आहे आणि लोक दुकानातून मल्चिंग पेपर आणतात.

नंदिनी_राजारामपुरी
शेणखत वापरणार असाल तर चाळूनच घ्या. अर्धकच्च्या खतात हुमणी असते, पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली अळी. बादलीत एक जरी राहिली तरी मुळं खाते आणि झाड उपटलं की नुसता दांडा हातात येतो.

कारखाना_रोड
हुमणी उसात असते हो, गच्चीवर कुठली?

नंदिनी_राजारामपुरी
खतातून चढते. जिना लागत नाही तिला.

बी_बियाणे_काका
तिसऱ्या प्रश्नाचं कुणी बोलायला तयार नाही. आत्ता हे लावा:
भेंडी. परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका. दोन्ही केवड्याला, म्हणजे शिरा पिवळ्या पडणाऱ्या रोगाला, दाद देत नाहीत असं धरून काढलेले वाण. बी रात्रभर भिजवून बादलीत तीन ठिकाणी अर्धा-पाऊण इंच खोल टोकायचं, दोन रोपं ठेवायची. 45-50 दिवसांत तोडणी. एक रोप दिवसाआड एखाद-दुसरी भेंडी देतं, म्हणून चौघांच्या घराला आठ-दहा रोपं हवीत. दोन रोपं लावून भाजीची वाट बघू नका.
गवार, पुसा नवबहार, बादलीत तीन रोपं. काकडी, हिमांगी, बादलीला एकच वेल. तांदळजा आणि लाल माठ थर्माकोलच्या खोक्यात, सहा इंच माती पुरते, 25-30 दिवसांत कापायला येतो.
दोडका-दुधीला 20 लिटर पुरत नाही, 40 लागतात. आणि उंच गच्चीवर मधमाशी कमी फिरते. काकडी-कारल्याची फुलं सकाळी उमलतात, दोडका-दुधीची संध्याकाळी. नर फूल तोडून मादी फुलाला टेकवायचं, मादीच्या मागं बारकं फळ असतंच. दुधीला सकाळी नऊला परागीकरण करत बसाल तर बारका दुधी पिवळा होऊन गळणारच.
टोमॅटो आत्ता नको. दिवसा 35 च्या वर आणि रात्री उकाडा राहिला की फूल गळतं. झाड वाढतं, फळ नाही. कोथिंबीरही नको, लगेच तुरा धरते.

हिरवा_मिरचीवाला
टोमॅटो नको हे मी पण म्हणणार होतो.

ठिबक_मास्तर
ठिबक टाका. 16 मिमी लॅटरल (बादल्यांकडेनं जाणारी नळी), तासाला 4 लिटर थेंब सोडणारे ड्रीपर, टायमर.

फुलेवाडी_नाका
टायमर कितीला?

ठिबक_मास्तर
चांगला घ्यायचा तर तुमचं बजेट त्यातच जाईल. टायमर सोडा, टाकीला कॉक बसवा. पण एक ध्यानात ठेवा. ड्रीपरवर 4 लिटर लिहिलेलं असतं ते एक किलो दाबाला, म्हणजे दहा मीटर उंचीच्या पाण्याला. तुमची टाकी बादलीपेक्षा दोन मीटर उंच असेल तर तासाला पावणेदोन लिटरच पडणार. एप्रिलमध्ये बादलीला दीड-दोन लिटर लागतं, म्हणजे तासभर चालू ठेवा. प्रेशर कॉम्पेन्सेटिंग, म्हणजे दाब बदलला तरी सारखंच पाणी सोडणारे, ड्रीपर घेऊ नका, एवढ्या कमी दाबाला ते नीट चालत नाहीत. कॉकनंतर जाळीचा फिल्टर हवाच.

नंदिनी_राजारामपुरी
दहा बादल्यांना तांब्या पुरतो. सकाळी आठच्या आत. खाली बशी ठेवू नका, डास होतात.

फुलेवाडी_नाका
सगळ्यांचे आभार. ठरलं ते असं: बादल्या आठ आणल्या, रंगाऱ्याकडून. माती मेव्हण्याच्या मळ्यातली काळी, टेंपोभाडं पण त्यानंच दिलं. चार बादल्यांत भेंडी, चारांत टोमॅटो. ट्रे आणला आहे, रोपं परत करता येत नाहीत. 900 रुपये अजून शिल्लक.

तांबडा_की_पांढरा
मग एवढं वाचून काय केलंस भावा?

बी_बियाणे_काका
असू दे. शिल्लक 900 मधनं कोकोपीटची एक वीट आणि गांडूळखत आणा. काळी माती तीन भागांत एकच भाग ठेवा. टोमॅटोची रोपं खालच्या पानांपर्यंत खोल लावा, दांड्यालाही मुळं फुटतात. निम्मं ऊन अडवणारी, 50 टक्क्यांची हिरवी नेट फक्त पश्चिमेकडनं आणि वरनं बांधा, पूर्व मोकळी. नेट कठड्याला घट्ट आवळू नका, वळवाच्या वाऱ्यात बांबूसकट जाते. फुलं आली की दहाच्या सुमारास दांडा टिचकीनं हलवा. फळाच्या बुडाला काळा डाग पडला तर औषध मारू नका, तो रोग नव्हे. पाणी एक दिवस भरपूर, दोन दिवस नाही असं झालं की कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही. रोज सारखं पाणी द्या.

फुलेवाडी_नाका
नेटसाठी बांबू की पाईप?

वेल्डिंगवाला_उद्यमनगर
पाईप. माप पाठवा.