‘रोस्ता’च्या खिडक्या: स्टेन्सिलने पोस्टर कसं छापायचं?

चुनाखडी: रशियन यादवी युद्धातल्या पोस्टरांवर कॉलेजात प्रदर्शन आहे. ‘रोस्ता’च्या एका खिडकीच्या, म्हणजे दुकानाच्या काचेत लागणाऱ्या पोस्टराच्या, मराठी मजकुरासह २५ प्रती त्याच पद्धतीने, म्हणजे कापलेल्या पुठ्ठ्यातून (स्टेन्सिल) रंग थापून, काढायच्या आहेत. पुठ्ठा, रंग, क्रम कसा ठेवावा? चित्रकार लिसित्स्कीचं लाल पाचरीचं पोस्टरही याच पद्धतीने छापलं होतं ना?

कातरकाम: नाही. पाचर आणि पोस्टरकार मूरचं १९२०चं स्वयंसेवक भरतीचं पोस्टर, दोन्ही लिथो (दगडी छपाई). ‘रोस्ता’ म्हणजे रशियाची तारवृत्तसंस्था. तिने १९१९च्या शरदात मॉस्कोत ही पोस्टरं सुरू केली. चित्रकार चेरेम्निखने आरंभ केला, कवी मायाकोव्स्की लगेच येऊन मिळाला. कागदाची टंचाई, छापखाने ठप्प, आणि दुकानांत माल नसल्याने काचा रिकाम्या. तिथेच ती लागत. स्टेन्सिल घेतलं ते वेगासाठी: तार आली की चित्र, मग कापणी, मग प्रती. पेत्रोग्रादवाले (आजचं सेंट पीटर्सबर्ग) मात्र लिनोकट (लिनोलियमवर कोरलेला ठसा) छापून हाताने रंगवत.

आता काम. ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) पुठ्ठा घ्या, दोन्ही बाजूंना जवसाचं तेल चोळून दोन दिवस वाळवा. कोरडा पुठ्ठा ओल्या रंगाने पाचव्या-सहाव्या प्रतीलाच फुगतो. प्रत्येक रंगाला वेगळा पुठ्ठा, आणि सगळ्यांच्या दोन कोपऱ्यांत एकाच जागी खाचा. आधी फिके रंग, काळा शेवटी. काळी रेघ खालच्या रंगावर २ मिमी चढू द्या, म्हणजे पुठ्ठा थोडा सरकला तरी पांढरी फट दिसत नाही.

सरसवाला: रंगाचं सांगतो. सरस १ भाग, पाणी १० भाग, रात्रभर भिजत. सकाळी भांडं गरम पाण्यात ठेवून वितळवा. उकळू नका, चिकटपणा जातो. रंगाची भुकटी आधी पाण्यात कालवून मग सरस घाला. काजळी पाण्यावर तरंगते, तिला थोड्या स्पिरिटने ओली करा. सरस कमी पडला तर वाळलेला रंग बोटाला लागतो, जास्त झाला तर तडकून पापुद्रे निघतात, आधी कागदाच्या तुकड्यावर तपासा. लालसाठी शेंदूर नको, त्यात शिसं असतं. गेरूही नको, तो तपकिरी दिसतो.

रंग दह्याइतका घट्ट हवा. कडक केसांचा सपाट ब्रश जवळपास कोरडा करून उभा थापटा. ओढलात की रंग कडेखाली शिरलाच.

कातरकाम: आणि अक्षरं! व, ब, ठ यांच्या पोटातला तुकडा कापल्यावर गळून पडतो, म्हणून ३ मिमीचे दोन पूल ठेवा. शिरोरेषा सलग कापलीत तर ओळच लोंबते. प्रत्येक अक्षरामागे तोडा. पुलांच्या फटी नंतर हाताने भरता येतात, पण निदान एक प्रत तशीच राहू द्या. बघणाऱ्याला पद्धत तिथेच कळते.

चुनाखडी: शिरोरेषेचं डोक्यातच नव्हतं. मजकूर आठ ओळींचा होता, तीनवर आणतो.