वाइल्ड यीस्टला मराठीत काय म्हणायचं?

टिळकवाडी, बेळगाव
सायडरवर एक लेख मराठीत लिहायलोय. सफरचंदाचा रस काढून तसाच ठेवायचा, पाकिटातलं यीस्ट घालायचं नाही, आपोआप आंबू द्यायचा, स्पेनच्या आस्तुरियास भागात अशी करतात. आता दर दोन ओळींनी वाइल्ड यीस्ट येतंय. किण्व लिहिलं की शाळेचं विज्ञान वाटतंय आणि रानटी किण्व म्हटल्यावर घरातले हसालेत. काय लिहू?

निपाणी
खमीर लिहा की. जिलबीच्या पिठाला खमीर येतं हे सगळ्यांना म्हाईत हाय.

शहापूर
विरजण का नको? कन्नडात हेप्पु म्हणतात तेच, दोन्हीकडच्यांना कळेल.

खानापूर
विरजण नको हो दादा. विरजण म्हणजे कालच्या दह्यातलं चमचाभर आपण मुद्दाम घालतो आणि त्यात काम करतात ते बॅक्टेरिया, यीस्ट न्हवं. किण्वाचं पण तसंच, कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुरेसाठी उडीद नि तांदूळ घेऊन किण्व तयार करायला सांगितलंय, म्हणजे ते पण बनवून घालायचंच. इथं तर कोणी काही घालतच नाही.

मला वाटतं नाम शोधत बसू नका, क्रियापद बघा. आंबणं आणि आंबवणं. पाकिटवाली सायडर आंबवतात, ही आंबते. आमच्याकडनं चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलं की काजूचे बोंडू तुडवून रस काढतात, त्यात वरून काही पडत नाही, दोन-तीन दिवसांत वर फेस धरून फसफसायला लागतो, मग भट्टीत चढवून पहिल्या धारेचा हुर्राक. तिथं कोणी यीस्ट म्हणत नाही, रस आंबला एवढंच म्हणतात, भागतं की.

टिळकवाडी, बेळगाव
वैनी, आंबते हे पटलं, पण लेखात यीस्टचे प्रकार पण हायत, तिथं नाम लागणारच. सुरुवातीला हान्सेनियास्पोरा जोर करतं, मायक्रोस्कोपखाली लिंबाच्या आकाराचं दिसतं, अल्कोहोल थोडं वाढलं की ते मागं पडतं आणि सॅकरोमायसिस पुढचं सगळं ओढून नेतं.

खानापूर
मग तर रानटी अजिबातच नको. सॅकरोमायसिस सफरचंदाच्या सालीवर फार थोडं असतं, जास्त करून चरकाला, गाळायच्या फडक्याला, जुन्या पिंपांना चिकटून राहिलेलं असतं. म्हणजे घरातलंच. रानातलं कसलं ते! रानमेवा, रानडुक्कर ठीक हाय, यीस्टला कशाला रानात पाठवताय. "आपसूक आलेलं यीस्ट" असं एकदा लिहा, पुढं नुसतं यीस्ट.

निपाणी
आणि सल्फाइट घालून आधीची यीस्ट दाबून टाकतात नि मग पाकीट ओततात, त्याला काय म्हणणार?

खानापूर
आंबवलेली. त्याच्यासाठी तर शब्द हाय की.

शहापूर
बरं, सायडर ती की तो? वरती सगळे ती म्हणालेत.

टिळकवाडी, बेळगाव
वाइन ती, बिअर ती, म्हणून मी ती धरलं. खाली बसतो तो गाळ मात्र साका, तो.

निपाणी
आमच्यात तो सायडर. रस तो, म्हणून.