शब्दचर्चा : शास्त्राचा अर्थ 'लावावा' की 'लागू द्यावा'?

प्रश्न :

आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) पुढील महिन्यापासून बायबल वाचनाचा साप्ताहिक वर्ग सुरू होत आहे. त्याच्या पत्रकासाठी मी 'बायबल स्वतः वाचा, स्वतः अर्थ लावा' असे शीर्षक सुचवले होते. पंचांपैकी एका ज्येष्ठ सभासदांनी त्याच्या उत्तरार्धावर हरकत घेतली. 'अर्थ लावणे' म्हणजे आपल्या मनातले शास्त्राच्या माथी मारणे, आणि बायबलमधील पेत्राच्या दुसऱ्या पत्रात (२ पेत्र १:२०) नेमके तेच वर्ज्य सांगितले आहे, असे त्यांचे म्हणणे आहे. 'अर्थ समजून घ्या' असा बदल त्यांनी सुचवला. मला तो मिळमिळीत वाटतो. 'अर्थ लावणे' या प्रयोगात खरोखरच मनमानीची छटा आहे काय?

प्रतिसाद :

मनमानीची छटा असलीच, तर ती 'अर्थ काढणे' या प्रयोगात अधिक आहे. 'मी साधे बोललो आणि तुम्ही भलताच अर्थ काढलात' असे आपण भांडणात म्हणतो. तेथे 'लावलात' म्हटले तरी चालते, पण आरोपाची धार थोडी बोथट होते. गंमत अशी, की अभ्यासकांच्या दृष्टीने 'काढणे' हेच निर्दोष क्रियापद ठरायला हवे, कारण जे मजकुरात आहे तेच काढता येते. रूढीने मात्र त्या बिचाऱ्या शब्दाला बदनाम केले आहे.

'लावणे' हे क्रियापद स्वतः चांगलेही नाही आणि वाईटही नाही. त्याचा स्वभाव कर्मावरून ठरतो. भिंतीला रंग लावतो तेव्हा भिंतीत नसलेले काही बाहेरून आणून तिच्यावर चढवतो. तंबोरा लावतो तेव्हा बाहेरून काहीच आणत नाही; तार तीच असते, खुंटी पिळून आणि मणी सरकवून ती जेथे बोलायला हवी तेथे आणतो, आणि ती लागली की नाही हे आपली इच्छा नव्हे तर कान सांगतो. छडा लावणे, माग लावणे, हिशोब लावणे या सर्व प्रयोगांत असेच आधीपासून असलेले काही नीट जागेवर आणणे आहे. संस्कृत श्लोकाचा अन्वय लावणाऱ्या विद्यार्थ्यावर मनमानीचा आळ कोणी घेत नाही. आपल्या ज्येष्ठांनी 'अर्थ लावणे' हे रंग लावण्यासारखे ऐकले, आपण ते तंबोरा लावण्यासारखे लिहिले, आणि माझ्या मते मराठीच्या वळणाला आपला अर्थ अधिक जवळचा आहे.

त्यातच 'लागणे' आणि 'लावणे' ही जोडी लक्षात घ्यावी. 'मला या ओवीचा अर्थ लागला' या वाक्यात वाचणारा चतुर्थीत बसलेला आहे. अर्थ त्याच्याकडे चालत येतो. 'मी या ओवीचा अर्थ लावला' येथे तो कर्ता होतो आणि त्याबरोबर जबाबदारीही घेतो. श्रद्धाळू वाचकाला पहिले रूप अधिक नम्र वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ज्याने कधी लावण्याची खटपट केली नाही, त्याला अर्थ लागल्याचे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

आता २ पेत्र १:२० कडे वळू. शास्त्रातील कोणताही संदेश स्वतःच्या उलगड्याचा विषय नाही, असा त्या वचनाचा आशय आहे. प्रचलित मराठी भाषांतरात तेथे 'उलगडा' हा शब्द आहे आणि तो फार चांगला निवडला आहे, कारण मूळ ग्रीक 'एपिल्युसिस' या नामाच्या पोटात 'सोडवणे, मोकळे करणे' या अर्थाचा धातू आहे. त्याच क्रियापदाचे रूप मार्क ४:३४ मध्ये येशू आपल्या शिष्यांना दाखल्यांची फोड करून सांगतो तेथे येते, आणि प्रेषितांची कृत्ये १९:३९ मध्ये सभेत एखाद्या प्रकरणाचा निकाल लावण्याच्या संदर्भातही येते. या वचनातील खरी अडचण 'उलगडा' या शब्दात नसून त्याच्या आधीच्या 'स्वतःच्या' या शब्दात आहे. स्वतःच्या म्हणजे कोणाच्या? वाचणाऱ्याच्या, की संदेश देणाऱ्या संदेष्ट्याच्या? पुढचेच वचन संदेश माणसाच्या इच्छेने आलेला नाही असे सांगते, म्हणजे विषय संदेशाच्या उगमाचा आहे, त्यामुळे येथे संदेष्ट्याविषयी बोलले जात असावे हे मत मला अधिक बळकट वाटते. ज्येष्ठांचे वाचन जुने आणि मान्यवर आहे, हे मी नाकारत नाही. मात्र त्यांनी या वचनाचा जो अर्थ सांगितला, तोही कोणीतरी कधीतरी लावलेलाच आहे.

याच्याशी जोडूनच आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. मराठीत बायबल 'स्वतः' वाचणाऱ्याच्या हाती जे येते, त्यात भाषांतरकाराने अर्थ लावण्याचे बरेच काम आधीच करून ठेवलेले असते. योहान ५:३९ मध्ये 'तुम्ही शास्त्रलेख शोधून पाहता' असे आपण वाचतो. ग्रीक क्रियापदाचे तेथील रूप वर्तमानकाळाचेही आहे आणि आज्ञार्थाचेही; 'शोधता' आणि 'शोधा' या दोहोंचे तेथे एकच रूप होते. मराठीला मात्र एक निवडावे लागते, आणि त्या एका निवडीने वाक्य उपदेशाचे होते की ठपक्याचे हे ठरून जाते. उलट लूक १७:२१ मधील 'देवाचे राज्य तुमच्यामध्ये आहे' या वाक्यात मराठीने मोठी बाजी मारली आहे. मुळातील शब्दाचा अर्थ 'तुमच्या अंतरात' की 'तुम्हा लोकांच्या मध्ये' यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद आहे, आणि आपला 'तुमच्यामध्ये' दोन्ही अर्थ शांतपणे पोटात घेऊन बसला आहे.

'आम्ही' आणि 'आपण' यांचा भेद ग्रीकमध्ये नाही. मार्क ४:३८ मध्ये वादळात सापडलेले शिष्य येशूला जागे करून 'बुडत आहोत' असे सांगतात, तेव्हा येशूला त्या बुडण्यात धरावे की वगळावे, हा प्रश्न मूळ लेखकाला पडलाच नव्हता. मराठी भाषांतरकाराला तो टाळता येत नाही.

पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आयुष्याच्या अखेरच्या पर्वात हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे जे मराठी भाषांतर केले, ते या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. प्रचलित भाषांतरातील संस्कृतप्रचुर शब्द साध्या बायकांच्या डोक्यावरून जातात, शिवाय ते आपल्याबरोबर जुने धार्मिक संकेतही घेऊन येतात, हा त्यांचा आक्षेप होता. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले. ग्रंथ त्यानंतर केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडला. 'स्वतः वाचा' असे दुसऱ्याला सांगण्यापूर्वी त्याला वाचता येईल असा शब्द हाती द्यावा लागतो, हे त्यांनी ओळखले होते.

आपल्या पत्रकासाठी माझी सूचना अशी, की प्रेषितांची कृत्ये ८:३० पाहावे. कूश देशाच्या राणीचा खजिनदार असलेला अधिकारी रथात बसून यशयाचा ग्रंथ वाचत आहे, मोठ्याने वाचत असल्यामुळे सुवार्ता सांगत फिरणाऱ्या फिलिप्पाला तो ऐकू येतो, आणि फिलिप्प विचारतो, 'आपण जे वाचत आहात ते आपणाला समजते काय?' मुळात 'समजणे' आणि 'वाचणे' यांसाठी 'गिनोस्केइस' आणि 'अनागिनोस्केइस' असे यमक जुळवणारे शब्द आहेत. मराठीत ती गंमत हरवली. त्याच्या मोबदल्यात आपल्याला 'आपण' मिळाला. ग्रीकमध्ये साधे एकवचन आहे, परंतु रस्त्यावरचा एक मनुष्य राणीच्या खजिनदाराशी बोलत आहे हे मराठी भाषांतरकाराने ओळखले आणि आदरार्थी सर्वनाम घातले. अर्थ लावणे म्हणतात ते हेच.

उपप्रतिसाद (वसईहून) :

वरील विवेचन आवडले, पण तंबोऱ्याची उपमा मला थोडी खटकली. तंबोरा लावताना षड्ज, म्हणजे आधाराचा 'सा', गाणाऱ्याच्या गळ्यानुसार धरतात. कोणी काळी चारमध्ये गातो, कोणी पांढरी एकमध्ये. म्हणजे उपमा अखेर ज्येष्ठांच्याच बाजूने साक्ष देते : ज्याची पट्टी त्याचा अर्थ. आम्हा कॅथलिकांकडे १५४६ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने, ख्रिस्तसभेने (चर्चने) धरलेल्या अर्थाविरुद्ध कोणी स्वतःच्या मताने अर्थ लावू नये असे ठरवले, ते याच भीतीने. पुढे १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने शास्त्र सर्व भाविकांना सहज उपलब्ध असावे असे सांगितले, आणि आज आमच्या घरात फादर दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' रोज उघडले जाते. तरीही षड्ज कोणी द्यायचा हा प्रश्न उरतोच.

मूळ प्रतिसादकाचे उत्तर :

आपला आक्षेप मान्य आहे. उपमा मी अर्धीच वापरली होती. पट्टी गळ्यानुसार बदलते, परंतु षड्जापासून पंचमाचे अंतर कोणाच्या गळ्यानुसार बदलत नाही. वाचणारा आपल्या जागेवरून सुरुवात करतो, एवढे स्वातंत्र्य त्याला आहे. एका वचनाचे दुसऱ्या वचनाशी असलेले नाते ठरवण्याचे नाही.

आपण तंबोरा काढलाच आहे, तर पेत्राच्या त्याच दुसऱ्या पत्रातील ३:१६ पाहण्यासारखे आहे. पौलाच्या पत्रांचा काही लोक विपर्यास करतात असे तेथे म्हटले आहे, आणि विपर्यासासाठी वापरलेल्या ग्रीक क्रियापदाचा मूळ अर्थ पिळणे असा आहे. प्लेटोने तेच क्रियापद वाद्याच्या तारा खुंटीवर पिळून छळणाऱ्या लोकांसाठी वापरले आहे. तेव्हा तार लावणे वेगळे आणि ती तुटेपर्यंत पिळणे वेगळे, हा भेद ग्रीकांनाही ठाऊक होता.

प्रश्नकर्त्याचे उत्तर :

सर्वांचे आभार. फिलिप्पाचा प्रश्न शीर्षक म्हणून पंचांपुढे ठेवला आणि तो एकमताने मान्य झाला. ज्येष्ठांनी फक्त एवढेच सुचवले, की त्याखाली पुढचे ३१ वे वचनही छापावे : 'कोणी मार्ग दाखवल्याशिवाय मला कसे समजणार?' पत्रकावर आता दोन्ही वचने आहेत, आणि मार्ग दाखवणारा म्हणून पहिल्या आठवड्याचा वर्ग त्यांनाच घ्यायला सांगितला आहे.