जुना स्प्लिट केन रॉड घ्यायचाय: काय तपासू, आणि आपल्या उन्हात कसा ठेवू?

नाथसागर_गळवाला:
संभाजीनगरात एक जण जुन्या सामानात मासेमारीचा दोन तुकड्यांचा, १० फुटी स्प्लिट केन (बांबूच्या पट्ट्यांचा) रॉड विकायलाय. १८,००० सांगतो, वर "ब्रिटिश काळातला, हार्डीचाच" (रॉड बनवणारी इंग्लिश कंपनी) म्हणतो. फोटोत रेशमी दोऱ्याची गुंडाळी दोन ठिकाणी सुटलेली दिसते, सांध्याची नळी हिरवट, शेंड्याचा तुकडा जरा वाकडा. मुठीचं बूच काळवंडलंय पण शाबूत आहे. रविवारी बघायला जाणार. हातात घेतल्यावर नेमकं काय बघू? शोभेला नाही, पैठणला रोहूवर वापरायचाय. घराला पत्रे आहेत, हेही सांगून ठेवतो.

सरसपट्टी:
नावावर जाऊ नका भाऊ, आधी काठी बघा. (केन म्हणजे वेत नव्हे. चीनच्या ग्वांगडोंग भागातल्या टोंकिन बांबूच्या सहा तिकोनी पट्ट्या चिकटवून षट्कोन केलेला असतो.) बोटांत धरून फिरवा, सहा धारा मुठीपासून टोकापर्यंत सलग लागल्या पाहिजेत. मधेच गोल लागलं तर तेवढा तुकडा कुणीतरी बदललेला असू शकतो.

मग दोन्ही तुकडे शेजारी धरा. आत जाणारी नळी सोडून लांबी जवळपास सारखी हवी. शेंडा दोन-चार इंच आखूड असेल तर तो कधीतरी मोडलाय आणि टोकाची कडी (दोरी जाते ती) खाली सरकवून बसवलीय. तशा काठीचं लवचीकपण गेलेलं असतं, ते परत येत नाही. १८,००० सोडा, निम्मेसुद्धा देऊ नका.

तिसरी गोष्ट जोड. नखाची कड प्रत्येक धारेवरून ओढत न्या. कुठं अडकलं की तिथं पट्ट्या सुटायलाग्यात. जुन्या काठ्या सरसानं चिकटवलेल्या असतात, आपले सुतार वापरायचे तोच जनावरी सरस. त्यावर पुरता भरवसा नव्हता म्हणून तर जुन्या काठ्यांवर इंच-दीड इंचाला रेशमाचे बारीक वेढे दिसतात. जाड, काचेसारखं चकचकीत नवं वार्निश असेल तर सावध. त्याखाली भेगा झाकल्या जातात.

हार्डीचं म्हणाल तर मुठीच्या वरच्या भागात काळ्या शाईचं लिखाण आणि नंबर असतो. "पालाकोना" हा त्यांचा बांबूच्या काठ्यांचा ट्रेडमार्क. ते काहीच नसेल तर हार्डी म्हणून एक रुपयाही जास्त नको. लाकडी पेटीत चार-पाच तुकडे, सोबत गळाच्या रंगीत नकली माश्या, असा संच कुणी दाखवला तर तो बहुतेक युद्धानंतरचा स्वस्त जपानी माल असतो. दिसायला झकास, गळाला लावायला नाही.

टकटक_सांधा:
वर सांध्याचं राहिलं. रॉड जोडा, मुठीला धरून हलकासा झटका द्या. टक् आवाज आला तर दोन शक्यता. दोन नळ्या एकमेकींत सैल झाल्यात, किंवा नळी बांबूवरून सुटलीय. दुसरं दुरुस्त होतं: आडवी पिन असेल तर आधी ती काढायची, जुना डिंक खरवडायचा, हळू सुकणाऱ्या इपॉक्सीनं बसवून २४ तास हात लावायचा नाही. पहिलं अवघड. आतल्या नळीला मेणाचा पुसट हात दिला तर दिवस निघतो, एवढंच.

हिरवट थर स्पिरिटच्या फडक्यानं जातो. पॉलिश पेपर नको! घासलेली धातू परत येत नाही आणि मग तीच नळी टकटकायला लागते. तेल-ग्रीसही नको, धूळ धरून बसतं. जोडताना-काढताना दोन्ही हात सांध्याजवळ, सरळ दाबायचं, सरळ ओढायचं. पिळलं की पट्ट्या फाटतात. अडकलीच तर दोघांनी मिळून: प्रत्येकाचा एक हात सांध्याच्या अलीकडे, एक पलीकडे, आणि एकदम ओढायचं.

कड्या बघायच्या असतील तर स्त्रियांचा पातळ नायलॉन मोजा आतून ओढा. कडीच्या आतल्या अ‍ॅगेट दगडाला बारीक चीर असली तरी धागा अडकतो. तीच चीर पुढं दोरी कापते.

नाथसागर_गळवाला:
दोघांचेही आभार. शेंड्याचा बाक किती चालतो? आणि गुंडाळीला पैठणीच्या विणकरांकडचं रेशीम चालेल का?

सरसपट्टी:
डोळ्याला लावून बघितल्यावर दोन-तीन सेंटिमीटरचा बाक असेल तर घाबरायचं कारण नाही. भिंतीला तिरका टेकवून ठेवल्यानं, नाहीतर नेहमी एकाच बाजूला मासा ओढल्यानं तो येतो. शेंड्याला दोरी बांधून महिनाभर उभा टांगा, खाली पाव किलोचं वजन. आगीवर धरून सरळ करायला जाऊ नका. सरस कामाला घेताना ६० अंशांच्या आसपासच पातळ करतात, म्हणजे तुम्ही बाक काढाल आणि जोड सोडवून बसाल.

तुमच्या घरात खरी भीती याचीच. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालचा माळा आणि उन्हातली बंद गाडी, दोन्ही वर्ज्य. आतल्या भिंतीवर, जमिनीपासून वर, सुती पिशवीत उभा टांगा. पावसाळ्यात ओला रॉड पिशवीत घालू नका. पुसा, रात्रभर उघडा ठेवा, मगच पिशवी. प्लास्टिकच्या पाइपात तर ओलसर बांबूला बुरशीच धरते. खाली पिठासारखा भुसा पडलेला दिसला तर भुंगेरा आत आहे. खरेदीच्या दिवशीच बारीक भोकं शोधा, एक जरी सापडलं तरी हात जोडून परत या.

रेशमाचं: दोरा बारीक आणि सारखा पीळ दिलेला हवा. भरतकामाचा सैल दोरा पिसारतो. विणकराकडं असा पीळदार मिळाला तर जरूर घ्या. थेट वार्निश लावलं की रेशीम पारदर्शक होतं आणि रंग गडद होतो. रंग राखायचा असेल तर आधी पातळ चपड्याचे, म्हणजे लाख स्पिरिटमध्ये विरघळवलेली ती, दोन हात. त्यावर होडीला लावतात त्या वार्निशचे दोन पातळ हात, मधे दोन दिवस. हे काम दिवाळी ते होळी या काळात करा, हवा कोरडी असते. फर्निचरचं कडक पीयू (पॉलियुरेथेन) वार्निश माझ्या मते नकोच, वाकणाऱ्या काठीवर ते तडकतं.

टकटक_सांधा:
दोरीही ठरवून घ्या. शेंडा काटकोनात यायला लागणाऱ्या ओढीला टेस्ट कर्व म्हणतात. ती पौंडांत, पाचानं गुणायची. दीड पौंडी काठीला साडेसात पौंड येतात, म्हणजे ७ किंवा ८ पौंडी साधी नायलॉन. ब्रेडेड (विणलेली) दोरी घालू नका, जुन्या कड्यांत खाच पाडते. गळ तळाला अडकला तर रॉडनं ओढायचं नाही. रॉड दोरीच्या रेषेत सरळ धरा, रिलचं स्पूल तळहातानं दाबा आणि मागं चालत जा, तुटायची ती दोरी तुटेल.